पहिलं की दुसरं?

चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव ठसठशीत रंगवलेलं होतं, पण त्या नावानं त्याला हाक मारणारं गल्लीत कुणी नव्हतं. गल्ली त्याला ‘पहिलंकीदुसरं’ म्हणायची. डोळे तपासायला आलेल्या माणसाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची, मग ती काढून दुसरी सरकवायची आणि विचारायचं, “पहिलं बरं की दुसरं?” या एका प्रश्नावर त्याचा संसार उभा होता. दिवसभर हेच विचारून तोंडाला अशी सवय जडली होती की दुकानाबाहेरही ती सुटत नसे. भाजीवाल्यानं एक कोबी पुढे केला की हा दुसरा मागायचा, दोन्ही हातांवर तोलायचा आणि विचारात पडायचा. लेक जन्मली तेव्हा नर्सनं बाळ आणून दाखवलं, तर आता दुसरं दाखवतील म्हणून हा जरा वेळ थांबून राहिला होता, असं त्याची बायको सांगते. बायकोच्या सांगण्यात तिखटमीठ असतं, पण या बाबतीत गल्लीनं तिच्यावर लगेच विश्वास ठेवला.

एरवी माणूस साधा आणि कामात पक्का. वाईट बातमी सांगण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तरण्याताठ्या पोरीला जाड भिंगं लागणार हे तो असं सांगायचा की ती पोर हसत हसत फ्रेम निवडायला लागायची. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना तो म्हणायचा, “काही नाही हो, खिडकीची काच धुवायची आहे, एवढंच.” आजोबा घरी जाऊन हेच वाक्य सगळ्यांना ऐकवायचे. अशा या बोलघेवड्या माणसाला एका म्हाताऱ्याशी एक वाक्य बोलायचं होतं आणि ते काही केल्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं. तो म्हातारा म्हणजे त्याचे बाबा.

दुकान मुळात बाबांचंच. हाडानं काटक, आवाज खणखणीत, आणि आपलं चुकत नसतं यावर पूर्ण श्रद्धा. गल्ला मुलाच्या हाती देऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण दुपारी दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. सकाळी मात्र ते आपली पोपटी स्कूटर काढत आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या दोस्ताकडे जात. दोस्त म्हणजे बाजारातले जुने घड्याळजी. ते आता अंथरुणाला खिळले होते. पाऊस असो, थंडी असो, बाबांची ही फेरी चुकत नसे.

पहिली शंका आली ती कपड्यांच्या दुकानापाशी. दारात सूट घातलेला एक पुतळा उभा असतो. एके दिवशी बाबांनी स्कूटर थांबवली आणि त्या पुतळ्याला, “काय रे, आईची तब्येत कशी आहे?” असं विचारलं. उत्तर आलं नाही तेव्हा, “आजकालच्या पोरांना बोलायला जड जातं,” असं पुटपुटत ते पुढे गेले. दुकानदारानं ही हकीकत हसत हसत सांगितली आणि चष्मेवालाही हसला. पण पुढच्या आठवड्यात एक बाई पिशवीतून बटाटे घेऊन रस्ता ओलांडत होती, तिला बाबांची स्कूटर चुकवायला ऐन वेळी उडी मारावी लागली. ती गटाराच्या कडेला बसली आणि बटाटे रस्ताभर झाले. बाबा घरी येऊन म्हणाले, “रस्त्यात बटाटे टाकून ठेवतात लोक. पडलं म्हणजे कोणी?” तेव्हा चष्मेवाल्याला हसू आलं नाही.

त्यानं बाबांचे डोळे तपासायचं ठरवलं. पण हे काम सोपं नव्हतं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बाबांनी दुकान काढलं तेव्हा स्वतःच्या हातानं ठोकला होता आणि आयुष्यभर लोकांकडून वाचून घेतला होता. ते खुर्चीत बसले आणि वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून मोकळे झाले. एक डोळा झाकला तरी तेच, दुसरा झाकला तरी तेच. शेवटी त्यानं वैतागून दोन्ही डोळे झाकले. बाबांनी अक्षरं तर सांगितलीच, वर तळाशी बारीक टायपात असलेलं छापखान्याचं नावही सांगितलं.

“बघ,” ते म्हणाले, “डोळे अजून ठणठणीत आहेत.”

मग त्यानं गुपचूप नवा तक्ता आणून टांगला. बाबा बराच वेळ त्याच्याकडे टक लावून बघत राहिले.

“हा चुकीचा छापलाय,” ते म्हणाले. “परत कर.”

शेवटी गोडीगुलाबीनं त्यांना डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी यंत्रात बघितलं, चित्रं काढली, बाबांना बाहेर बसवलं आणि मुलाला आत बोलावलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसत राहील, पण नेमकं समोरचं पुसट होत जाईल, आणि यावर कुठलीही काच चालत नाही. “गाडी आजपासून बंद,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही याच धंद्यातले. तुम्हीच समजावून सांगा.” बाहेर बाबा रांगेतल्या लोकांना औषधाचे थेंब डोळ्यात कसे टाकावेत याचं प्रात्यक्षिक देत होते. चष्मेवाल्यानं त्यांचा हात धरला आणि जिना उतरवला. सांगितलं मात्र काही नाही. घरी गेल्यावर सांगू म्हणाला, मग जेवल्यावर, मग उद्या.

“अहो, सरळ सांगून टाका ना एकदा,” बायको म्हणाली.

“तूच सांग. तुझं ते ऐकतात.”

“सासरे माझे, पण बाप तुमचे. मला मध्ये ओढू नका.”

बाबांनीच त्याला ती स्कूटर शिकवली होती. मागे धावत आले होते, ओरडत, “समोर बघ, गाढवा, समोर बघ!” त्याच माणसाला आता तुम्हाला समोरचं दिसत नाही असं कोणत्या तोंडानं सांगायचं? विचार केला की त्याला रडू यायचं, आणि रडू आलं की तो उठून उगाच फ्रेमा पुसत बसायचा. दुकानातल्या फ्रेमा त्या दिवसांत इतक्या लखलखीत होत्या की तसं पाहिलं तर धंद्याचा फायदाच झाला.

उपाय सुचवला लेकीनं. ती परगावी शिकत होती. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाबा, एआयला विचारा ना. पण एकावर विसंबू नका. तीन वेगवेगळे घ्या, तिघांना एकच प्रश्न विचारा आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघा. कोणाचं कुठे कमी पडतं ते कळलं की आपला प्रश्न सुधारायचा आणि पुन्हा विचारायचं.”

चष्मेवाल्याचे डोळे चमकले. हा तर त्याचाच धंदा होता. इतके दिवस हे कुणी सांगितलं कसं नाही? दुसऱ्या दिवशी त्यानं काउंटरवर तीन फोन ओळीनं मांडले. एक त्याचा, एक बायकोचा आणि एक लेकीनं टाकून दिलेला, काच तडकलेला. प्रत्येकात लेकीनं फोनवरून सांगून सांगून एकेक वेगळा एआय बसवून घेतला. मग त्यानं तिन्हींत एकच प्रश्न टाकला: ‘वडिलांना गाडी चालवू नका असं कसं सांगावं?’

पहिल्यानं दहा मुद्दे दिले. शांत वेळ निवडा, आवाज खाली ठेवा, पर्याय मांडा, असं करत करत शेवटी ‘प्रत्येक कुटुंब वेगळे असते’ असं म्हणून हात झटकले. दुसऱ्यानं आधी गळ्यात पडून घेतलं: ‘हे तुमच्यासाठी किती अवघड असेल, याची मला जाणीव आहे.’ तिसऱ्यानं परवाना, विमा, अपघातातली जबाबदारी हे सगळं सांगून तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सांगितलं. बायकोनं मागून डोकावून तिघांचं बारसं उरकलं. पहिला प्राचार्य, दुसरी मावशी, तिसरा वकील.

आता एका वेळी एकच काच बदलायची, हा त्याच्या धंद्यातला नियम. दोन बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही. त्यानं ‘वडिलांना’च्या आधी ‘हट्टी’ घातलं. प्राचार्यांनी हट्टीपणावर वेगळं प्रकरण जोडलं, मावशी म्हणाली की हट्ट हे भीतीचंच रूप असतं, आणि वकिलानं पोलिसांत कळवण्याचा मार्ग खुला असल्याचं नमूद केलं. त्यानं घाईनं ‘हट्टी’ काढलं. मग ‘थोडक्यात सांगा’ घातलं, तर प्राचार्यांनी दहा मुद्द्यांचे दहा छोटे मुद्दे केले. मग ‘तुम्ही माझ्या वडिलांना ओळखता असं समजून सांगा’ असं घालून बघितलं. तेव्हा प्राचार्यांनी लिहिलं की बाबांसारख्या शांत, समजूतदार आणि बागकामात रमणाऱ्या माणसाला हे लगेच पटेल. चष्मेवाल्यानं ते दोनदा वाचलं. बाबांनी आयुष्यात एकच रोप लावलं होतं आणि ते वेळेवर वाढत नाही म्हणून उपटून फेकलं होतं.

कोणतं उत्तर बरं हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. एरवी ठरवणारा समोर खुर्चीत बसलेला असतो, याचं काम फक्त विचारायचं. म्हणून त्यानं आलेल्या गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली. एक शिक्षक नाकावर जड फ्रेम घेऊन तक्त्यासमोर बसले होते, त्यांना यानं तिन्ही उत्तरं मोठ्यानं वाचून दाखवली. “पहिलं बरं, दुसरं, की तिसरं?”

“तिसरं जरा धूसर आहे,” शिक्षक म्हणाले.

असा सगळा प्रकार चालू असताना एका दुपारी बाबा नेहमीप्रमाणे दुकानात आले, खुर्चीत बसले आणि मान तिरकी करून काउंटरकडे बघत राहिले. हल्ली ते सगळीकडे असंच तिरकं बघायचे.

“तीन-तीन फोन कशाला रे?”

“एका गिऱ्हाइकाचं काम आहे.” तोंडाला आलं ते त्यानं ठोकून दिलं. “त्याच्या वडिलांना नीट दिसत नाही, तरी गाडी चालवतात. त्यांना कसं सांगावं ते एआयला विचारतोय.”

“कोणती गाडी?”

“टेंपो,” तो म्हणाला. का म्हणाला ते देव जाणे. बहुधा समोरून टेंपो जात होता.

“वय काय माणसाचं?”

“बासष्ट.”

“बासष्ट म्हणजे पोरच की. वाच, काय म्हणतात ते.”

मग त्यानं वाचलं, आणि बाबांनी एकेकाला सोलून काढलं. प्राचार्यांचे मुद्दे संपेपर्यंत त्यांनी दोनदा जांभई दिली. “हा शब्दावर पगार घेतो का?” मावशीच्या जाणिवेवर ते म्हणाले, “हिला बाप आहे का? नाही ना? मग जाणीव कसली?” वकिलाचं ऐकून तर ते खुर्चीत ताठ झाले. “हा त्या बिचाऱ्याला आत टाकल्याशिवाय राहायचा नाही.”

“मग तिघंही निकामी?”

“त्यांना कशाला बोल लावतोस? तू विचारलंस काय, ते वाच.”

त्यानं ‘वडिलांना’च्या जागी ‘एका गिऱ्हाइकाच्या वडिलांना’ असं घालत, अडखळत प्रश्न वाचला.

“टेंपोचं कुठे आहे यात?” बाबा म्हणाले. “टेंपो असल्याचं त्यांना कळणार कसं? स्वप्न पडणार? लिही.”

आता लिहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यानं लिहिलं. बाबांनी विचारलं, टेंपोतून माल कुठला नेतो? याच्या डोक्यात कित्येक दिवस एकच माल घोळत होता. “बटाटे,” तो म्हणाला. बाबांची भुवई किंचित वर गेली, पण ते एवढंच म्हणाले, “तेही लिही.” मग बटाटे गेले, बासष्ट वय गेलं, टेंपोची फेरी किती लांबची तेही गेलं. बाबा सांगत होते आणि हा आपल्याच थापेला रंग देत तिन्ही फोनांत टाइप करत होता. खोटं बोलायला एक वाक्य पुरतं, ते सुधारून लिहायला मात्र दुपार जाते.

उत्तरं आली ती एकदम भारदस्त. प्राचार्यांनी टेंपोचा धंदा मुलाच्या हाती टप्प्याटप्प्यानं कसा सोपवावा ते सांगितलं. मावशीनं लिहिलं की वर्षानुवर्षं बटाटे वाहिलेल्या हातांना आता विसावा हवा. वकिलानं मालवाहू गाडीची तपासणी, चालकाचा परवाना आणि माल नासल्यास भरपाई कोणाकडे मागावी हे समजावलं. बाबांना गंमत वाटू लागली. त्यांनी अजून दोन बाबी घालायला लावल्या, तेव्हा प्राचार्यांनी शीतगृह भाड्यानं घ्यावं असं सुचवलं. तास-दीड तासात त्या न जन्मलेल्या म्हाताऱ्याचा बटाट्यांचा धंदा असा काही मार्गी लागला की चष्मेवाल्याचं दुकान त्याच्यापुढे टपरी वाटावी.

“बघितलंस?” बाबा हसत म्हणाले. “प्रश्न भरला की उत्तर भरतं.”

“हो ना,” तो कसाबसा म्हणाला.

बाबांचं हसणं हळूहळू थांबलं. त्यांनी मान सरळ केली आणि मुलाचा चेहरा जिथे असावा तिकडे बघितलं.

“आता टेंपो खोड,” ते म्हणाले. “स्कूटर लिही.”

चष्मेवाल्याचा अंगठा फोनवर तसाच राहिला.

“आणि वय वाढव. माझ्या वयाचा अपमान होतोय. बटाटे राहू देत, ते खरेच सांडले होते. मला नंतर कळलं. आवाज आठवला तेव्हा कळलं, बाई ओरडली होती.”

“बाबा, तुम्हाला सगळं... कधीपासून?”

“डॉक्टरकडून तू बाहेर आलास आणि माझा हात धरून मला जिना उतरवलास, तेव्हा. उभ्या जन्मात कधी माझा हात धरला होतास का रे? त्यानंतर सांगायचं काय राहिलं?”

त्यानं फ्रेम पुसायला घेतली, तर बाबांनी ती काढून घेतली. “नंतर पूस. आधी सांग, गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तक्ता दाखवायच्या आधी काय विचारायचं? काय शिकवलं होतं तुला?”

“चष्मा कशासाठी हवाय ते.”

“कशासाठी हवाय! सुईत दोरा ओवायचाय की बस बघायचीय की फळ्यावरचं वाचायचंय. ते कळल्याशिवाय काचा बदलत बसलास तर रात्र होईल. तू या तिघांना काय विचारलंस? म्हाताऱ्याला थांबवू कसा. म्हातारा रोज जातो कुठे, कशाला जातो, हे लिहिलंस?”

“घड्याळजींकडे जाता. गप्पा मारायला.”

“गप्पा!” बाबांनी हात उडवला. “त्याच्या बोटांना कंप आहे. कागद धरवत नाही. आयुष्यभर केसाएवढे स्क्रू बसवले त्या बोटांनी, आता चमचा धरवत नाही. मी त्याला पेपर वाचून दाखवतो रोज. सगळा. वाट बघत पडलेला असतो.”

चष्मेवाल्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. धंद्यातला माणूस होता, म्हणून लागला तेवढाच.

“पण बाबा, तुम्हाला तर पेपर...”

“वर्ष झालं. एक अक्षर लागत नाही.”

“मग वाचता काय?”

“रचतो,” बाबा म्हणाले आणि जन्मात पहिल्यांदा ओशाळल्यासारखे दिसले. “पेपर समोर धरतो आणि सुचेल ते सांगतो. पहिल्या दिवशी भीती वाटली. मग जमायला लागलं. महापौर उद्घाटनाला गेले आणि कारंज्यात पडले. जेलरच्या घरी चोरी झाली. बँकेच्या मॅनेजरचा पोपट पळालाय, त्याचा तपास तर दोन महिने चालू आहे. हसतो रे तो. पोट धरून हसतो. मी गेलो नाही तर त्याच्याकडे कोण जाणार? गाडी बंद कर, माझी हरकत नाही. मलाही माणूस मारायचा नाहीये. पण हे कुणाला सांगणार, म्हणून चालवत राहिलो.”

दुकानात कुणी नव्हतं म्हणून बरं. चष्मेवाला रडला, आणि या वेळी फ्रेमा न पुसता रडला. बाप आपल्याला घाबरून गप्प आणि आपण बापाला घाबरून गप्प, आणि मधल्या मधे ती स्कूटर रोज रस्त्यावर. त्या बटाटेवाल्या बाईच्या जागी एखादं पोर असतं तर? त्याला स्वतःची लाज वाटली. डोळे पुसून त्यानं फोन उचलले.

“सांगा,” तो म्हणाला. “लिहितो.”

बाबांनी सांगितलं आणि त्यानं एकही शब्द न बदलता लिहिलं. वय खरं, डोळ्यांचा आजार खरा, घड्याळजी, त्यांची बोटं, खोट्या बातम्या, बटाटे, सगळं. आणि प्रश्नही बदलला. ‘याला थांबवू कसं’ हे गेलं. ‘स्कूटर बंद करायची आहे, पण हे जाणं चालू ठेवायचं आहे, तर काय करावं?’ हे आलं.

तिन्ही फोनांवरची चक्रं जरा विचारात पडल्यासारखी फिरत राहिली आणि मग उत्तरं आली. प्राचार्यांनी चारच ओळी लिहिल्या. मावशी गळ्यात पडली नाही. वकिलानं पोलिसांचं नाव काढलं नाही. आपापल्या शब्दांत तिघंही एकच सांगत होते. गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवावी, बाबांना मागे बसवावं आणि वेळ चुकवू नये. त्यानं तिन्ही वाचून दाखवली आणि सवयीनं विचारलं, “पहिलं बरं की दुसरं?”

“सारखीच आहेत,” बाबा म्हणाले.

काच नेमकी बसली की गिऱ्हाईक असंच म्हणतं, दोन्ही सारखंच दिसतंय. मग पुढे विचारायचं नसतं, तपासणी तिथे संपते. चष्मेवाल्यानं तिन्ही फोन बंद केले. बाबांनी खिशातून किल्ली काढली, एकदा मुठीत घट्ट धरली आणि काउंटरवर ठेवली.

“पुढे तू, मागे मी,” ते म्हणाले. “वेग मात्र मी सांगणार.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दुकान बायकोनं उघडायचं ठरलं. ती म्हणाली, “जा, जा. मी काही गिऱ्हाइकांना बागकामवाल्या बाबांच्या गोष्टी सांगत बसणार नाही.” स्कूटर निघाली. मागच्या सीटवरून बाबांनी गावभर सूचना दिल्या. डावीकडे घे, हळू, आता गती वाढव, तो बघ सिग्नल. सिग्नल दिसत नव्हताच, पण दुकानातल्या तक्त्यासारखा तो रस्ताही त्यांना पाठ होता. सगळे सिग्नल बरोबर आले. फक्त कपड्यांच्या दुकानापाशी त्यांनी पुतळ्याला हात केला आणि चष्मेवाल्यानं स्कूटरचा वेग जरा कमी केला.

घड्याळजींची खोली लहान आणि नीटनेटकी होती. भिंतीवर कितीतरी घड्याळं होती आणि सगळी एकच वेळ दाखवत होती. मालक उशांना टेकून बसले होते आणि हात चादरीवर थरथरत होते. “आज सारथी आणलाय,” बाबा म्हणाले. त्यांनी पेपर उघडला, नाकापासून योग्य अंतरावर धरला आणि घसा खाकरून वाचायला लागले. त्या दिवशी पोपट रेल्वेच्या तिकीटखिडकीवर दिसला होता आणि त्यानं परतीचं तिकीट मागितलं होतं. घड्याळजी खुसखुसले, मग हसले, मग त्यांना ठसका लागला. चष्मेवाल्याला पेपर कडेनं दिसत होता. त्या जागी सिमेंटची जाहिरात होती.

वाचन संपल्यावर बाबा उठून घड्याळजींच्या सुनेला चहाची आठवण करून द्यायला आत गेले, भिंतीला हात लावत लावत. ते दाराआड झाले तसे घड्याळजींनी चष्मेवाल्याला खुणेनं जवळ बोलावलं. तो वाकला.

“एक विचारू?” ते कुजबुजले. “तू डोळ्यांचा माणूस. त्याला वाचता येईल असा चष्मा करून देणार नाहीस ना?”

“तसा चष्मा नाहीच आहे, काका,” तो म्हणाला. घराबाहेरच्या कुणाला हे मोठ्यानं सांगायची त्याची पहिलीच वेळ होती.

घड्याळजींनी थरथरता हात कसाबसा त्याच्या मनगटावर ठेवला.

“मग राहू दे,” ते म्हणाले. “खऱ्या बातम्या मी रेडिओवर ऐकतो.”